घराबाहेर काढणारी मावशी

तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत आणि पाठ वळली की तोफ. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. एखाद्या घरी पहिल्यांदा गेली की ती स्वतःच सांगून टाकायची, "मला तोफ म्हणतात. उगाच नाही म्हणत. आता चपला घाल आणि नीघ."

हे ती अंथरुणावरच्या माणसाला सांगत नसे. त्याला चपला घालून निघता आलं असतं तर मावशीला कुणी बोलावलंच नसतं. सांगायची ती त्याचं करणाऱ्या बाईला. कुठे बायको, कुठे मुलगी, बहुतेक ठिकाणी सून. क्वचित एखादा मुलगा असायचा, आणि असला की सगळी गल्ली त्याचं कौतुक करून दमायची. सुनेचं कौतुक करून कुणी दमल्याचं मावशीने पाहिलं नव्हतं.

मावशीचं काम म्हणजे आठवड्यातली एक दुपार, तीन तास, आजारी माणसाजवळ बसायचं आणि त्याचं करणाऱ्या बाईला घराबाहेर काढायचं. काढायचं म्हणजे अक्षरशः काढायचं. बायका सहजासहजी हलत नसत. ओट्यापाशी घुटमळत, औषधाच्या बाटल्या पुन्हा एकदा दाखवत, दारापर्यंत जाऊन परत येत.

"पण मी जाऊ कुठे, मावशी?"

"मला काय विचारतेस? खड्ड्यात जा. पण बाहेर जा," असं म्हणून मावशी आतून कडी लावून घ्यायची.

तिचे नियम दोनच होते. वेळेआधी परत यायचं नाही. आणि परत आल्यावर 'कुठे गेली होतीस' हे कुणी विचारायचं नाही. नवऱ्याने नाही, सासूने नाही, खुद्द मावशीनेही नाही. एका सासूने एकदा पडल्या पडल्या विचारलंच, "कुठे उंडारून आली महाराणी?" तेव्हा मावशीने तिची कूस बदलता बदलता तिला असं काही झाडलं की त्या सासूने पुढे सुनेला 'जेवलीस का' हे विचारतानाही आधी मावशीकडे बघून घेतलं.

या तीन तासांमागे एक मोठी संस्था होती. तिचं नाव लांबलचक होतं, म्हणून सगळे तिला नुसतं 'निधी' म्हणत. निधीचं ऑफिस विभागाच्या मोठ्या शहरात. देणगीदार तिथे पैसे देत आणि निधी ते आजूबाजूच्या गावांमधल्या छोट्या छोट्या कामांना वाटून देई. मावशीच्या गावात एकट्या म्हाताऱ्यांना डबे पोचवणारं स्वयंपाकघर निधीवर चालत होतं, अंथरुणाला खिळलेल्यांच्या चादरी धुऊन देणारी लाँड्री चालत होती. काठ्या आणि चाकाच्या खुर्च्या उसन्या देणारी एक खोली होती, मागच्या बाजूने खुर्ची चढवता येईल अशी एक व्हॅन होती. आणि मावशी होती. ही सगळी मंडळी एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून निधीने एक समन्वयक नेमला होता. तिशीचा मुलगा, दोन फोन, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. सगळे त्याला समन्वयच म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा.

निधी वाईट नव्हता. हे मावशीही कबूल करायची, पण अगदी जिवावर आल्यासारखं. लाँड्री नव्हती तेव्हा घराघरांत ओल्या चादरींचा वास कसा भरून राहायचा हे तिने पाहिलं होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की निधीला अंथरुणावरचा माणूस दिसतो, त्याच्या उशाशी उभा असलेला दिसत नाही. अहवालात फोटो छापायचा तर खाटेचाच छापतात.

मावशीच्या रागाला जुनं मूळ होतं. तिची थोरली बहीण बापाचं करत होती. बाप खाटेवर, आई आधीच गेलेली, मावशी दूरच्या शहरात इस्पितळात आया. बहीण घराबाहेर जायची ती औषधाच्या दुकानापर्यंत, तीही धावत. कधी आवाज चढवला नाही, कधी कुरकुर नाही. काहीही म्हणा, उत्तर एकच, हळू आवाजात, "हो." मग एका सकाळी बापासाठी दूध कोमट करता करता ती ओट्याजवळ खाली बसली आणि उठलीच नाही. बाप त्यानंतरही कितीतरी वर्षं जगला.

नातेवाईक जमले. कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, "काय सेवा केली हो पोरीने! जन्माचं सोनं झालं."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सोनं झालं ना?" ती भर घरात ओरडली. "मग उद्यापासून तुम्ही करा सेवा. होऊ दे तुमच्याही जन्माचं सोनं. कोण राहतंय इथे? हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. नोकरी सोडून मावशीनेच बापाचं केलं, शेवटपर्यंत, शिव्या घालत आणि शिव्या खात. बाप गेल्यावर ती निधीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की मला बसायचं काम द्या, पण माझ्या पद्धतीने. 'सेवा', 'त्याग', 'पुण्य' हे शब्द तेव्हापासून तिच्यासमोर कुणी काढत नसे. ज्यांना अनुभव होता ते तर मुळीच नाही.

गुरुवार घड्याळजींच्या घराचा. घड्याळजींनी जन्मभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. मग एका झटक्यात उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. बोलणं गेलं म्हणजे नेहमीचे शब्द गेले. 'पाणी' म्हणायला गेले की जीभ पा-पा करत अडकायची, पण 'गाढव' मात्र खणखणीत निघायचं. असं होतं म्हणे या आजारात, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मावशीसमोर ते मनसोक्त शिव्या द्यायचे. टाचेला लाली आलीय का बघितलं, गाढव. हनुवटी खाली करून घोट घोट पाणी पाजलं, गाढव. मावशीला त्याची मजाच वाटायची, कारण शिवी देणारा माणूस अजून आत शिल्लक आहे असं तिचं मत होतं.

सुनेसमोर मात्र ते चिडीचूप. ज्या सुनेसमोर ते कधी नुसत्या बनियनवर बसले नव्हते, तिच्याकडून सगळं करून घ्यायचं. ती कपडे बदलायला लागली की ते डोळे घट्ट मिटून घेत आणि ती खोलीबाहेर जाईपर्यंत उघडत नसत. तिला त्यांच्यापासून सुटका हवी होती, तशी त्यांनाही तिच्यापासून हवी होती. हे दोघांनाही एकमेकांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

सूनबाई पस्तिशीची. नवरा परगावी नोकरीला. दर रविवारी त्याचा फोन यायचा, "बाबांना जप." ही म्हणायची, "हो." नणंद म्हणायची, "वहिनी, बाबांना रोज उन्हात बसवत जा." ही म्हणायची, "हो." घर पहिल्या मजल्यावर, जिना बाहेरून, लोखंडी आणि अरुंद. बाबांना उन्हात कसं न्यायचं हे नणंदेने सांगितलं नव्हतं. तो हळू आवाजातला 'हो' ऐकला की मावशीच्या अंगावर काटा यायचा. तिने तो आधी ऐकलेला होता.

म्हणून या घरातून बाहेर काढताना मावशी जरा जास्तच धसमुसळेपणा करायची. पहिल्या गुरुवारी सूनबाई खाली जिन्याच्या पायरीवरच बसून राहिली. मग हळूहळू लांब जायला लागली. परत यायची तेव्हा तोंडावर थोडी तुकतुकी असायची. कुठे जायची, मावशीला ठाऊक नव्हतं. तिने विचारलं नाही.

ते शोधून काढलं विश्वस्तांनी.

निधीच्या विश्वस्तांपैकी एक या गावचेच होते. फरशा आणि नळांचं मोठं दुकान होतं त्यांचं, आता मुलं बघायची. महिन्याच्या बैठकीला ते कधीमधी येऊन बसत. त्या दिवशी वाचनालयामागच्या खोलीत सगळे जमले होते. डब्यांच्या काकू, लाँड्रीवाला, व्हॅन चालवणारा पैलवान. तो काडीसारखा असल्यामुळे त्याला पैलवान म्हणत. समन्वय काहीतरी वाचून दाखवत होता, तेवढ्यात विश्वस्तांनी घसा साफ केला.

"विषय जरा नाजूक आहे. गेल्या गुरुवारी मी त्या घड्याळजींच्या सुनेला थिएटरात पाहिलं. दुपारच्या खेळाला."

डब्यांच्या काकूंनी लाँड्रीवाल्याकडे पाहिलं.

"सासरे घरी लोळागोळा होऊन पडलेत," विश्वस्त म्हणाले, "आणि ही मध्यंतरात पॉपकॉर्नचा पुडा घेऊन उभी. एकटी. आणि हसत होती. अहो, हसत होती!"

"मग?" मावशी म्हणाली.

"मग काय? देणगीदारांना काय तोंड दाखवायचं आम्ही? तुमचे पैसे सिनेमाला गेले म्हणून सांगायचं?"

"तिकीट तिने तिच्या पैशाने काढलं असेल."

"वेळ तर आमचा होता ना!"

खोलीतल्या लोकांनी आपापल्या खुर्च्या नकळत मागे सरकवल्या. काय होणार ते त्यांना कळलं होतं.

"वेळ तुमचा?" मावशी उठून उभी राहिली. "सासऱ्याची कूस ती रात्रीबेरात्री बदलते तो वेळ कुणाचा? तेव्हा का नाही येत मोजायला? आठवड्यातले तीन तास तिला दिले, तर त्यातही नाक खुपसायला हजर! रडत बाहेर पडली असती तर चाललं असतं ना तुम्हाला? फोटो काढला असता अहवालासाठी! हसली, हे खुपलं. आणि साहेब, गुरुवारी दुपारी तुम्ही थिएटरात काय करत होतात?"

"मी निवृत्त आहे," विश्वस्त ताठ होत म्हणाले.

"ती कधी निवृत्त होणार?"

लाँड्रीवाल्याने खोकल्याचं सोंग केलं, पण ते हसू होतं हे सगळ्यांना कळलं. विश्वस्तांनाही कळलं. चारचौघांत झालेला तो पाणउतारा त्यांनी बरोबर घेऊन नेला, थेट विभागाच्या ऑफिसात, आणि पुढच्याच आठवड्यात निधीचा नवा नियम आला. 'रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने, सेवेच्या वेळेत रुग्णाची देखभाल करणाऱ्या व्यक्तीने घरात उपस्थित राहावे.' नियम मोडला तर मावशीचं कामच बंद. एका घरचं नाही, सगळ्या घरांचं.

मावशीने तो कागद वाचला आणि समन्वयच्या टेबलावर भिरकावला. "म्हणजे आगीचा बंब पाठवायचा, पण पाणी घ्यायचं नाही म्हणा की!"

पण सगळ्या घरांचा प्रश्न होता. सोमवारच्या घरी एक म्हातारा नवरा होता, त्याला ते तीन तास नुसते झोपायला लागायचे, बहिणीकडे जाऊन. मंगळवारची मुलगी नोकरीच्या मुलाखती देत होती. मावशीला एकटीच्या जिवावर भांडायची सवय होती, दुसऱ्यांच्या जिवावर भांडता येईना. मूग गिळून ती गुरुवारी घड्याळजींकडे गेली.

आणि ती दुपार तिला जन्मभर पुरेल एवढी चीड देऊन गेली.

सूनबाई घरात होती. नियमाप्रमाणे उपस्थित होती. मावशीने तिला सांगितलं, "आडवी हो." ती "हो" म्हणाली आणि मावशीसाठी चहा टाकायला गेली. मावशी म्हणाली, "मी पाहुणी आहे का? बस." ती "हो" म्हणाली आणि बसल्या बसल्या मटार सोलायला लागली. मग दूधवाल्याचा हिशेब, मग शेजारीण, मग पडदे काढून भिजत टाकले. सासऱ्यांनी घशात आवाज काढला की मावशी उठायच्या आत ती दारात. माणूस घरात असला की घर त्याला हाका मारत बसतं, आणि हिला तर प्रत्येक हाकेला धावायची सवय.

घड्याळजी डोळे मिटून पडून राहिले. त्यांनी मावशीला एकही शिवी दिली नाही.

निघताना सूनबाईने दारात हळूच सांगितलं, "मावशी, पुढच्या गुरुवारपासून नका येऊ."

"का?"

"गल्लीत सगळ्यांना कळलंय. नणंदेचा फोन आला होता. ह्यांचाही. माझंच चुकलं. सिनेमावाचून असं काय अडलं होतं माझं?" आणि मग तिने मान खाली घालून म्हटलं, "होईल सगळं. करेन मी."

मावशीला समोर सूनबाई दिसेचना, दुधाच्या पातेल्याशी खाली बसलेली बहीण दिसत होती. ती तो लोखंडी जिना धाडधाड उतरली आणि तशीच वाचनालयामागच्या खोलीत जाऊन समन्वयवर तुटून पडली.

"मारा! तिला मारा तुम्ही! मग शोकसभा घ्या, आणि तो फरशीवाला येऊन भाषण करेल, काय त्याग केला म्हणून! नियम करतायत! कुणी केलाय नियम? त्यातल्या एकाने तरी कधी कुणाचं धुतलंय?"

"मी लिहिलं होतं त्यांना, मावशी," समन्वय म्हणाला. "दोन वेळा लिहिलं की हा नियम चुकीचा आहे."

"लिहिलं म्हणे! लिहून काय दिवे लावलेस? ती मला येऊ नका म्हणाली. कळतंय का? येऊ नका म्हणाली! एकदा तिने दार लावून घेतलं की पुन्हा कुणासाठी उघडायची नाही. मी बघितलंय असं दार!"

तोंडाचा पट्टा चालूच राहिला. समन्वय आधी खाली बघत होता, मग छताकडे बघत होता, मग त्याने दोन्ही फोन एकदम टेबलावर आपटले. कुणी त्याला चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"अहो, मग राहू दे ना तिला घरात!" तो ओरडला. "तुम्ही त्यांना घेऊन बाहेर जा! गुरुवारी दुपारी व्हॅन नुसती उभी असते. खुर्च्या तिकडे धूळ खातायत. पैलवान गाडीत झोपा काढतो! आजारी माणसांना बाहेर फिरवायलाच तर पैसे दिलेत निधीने व्हॅनला! सगळं आपल्याकडे आहे आणि तुम्ही नुसतं माझं डोकं खाताय!"

मावशीने तोंड मिटलं. समन्वयने आपण काय बोललो ते मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकलं, टेबलावरचा नियमाचा कागद ओढला आणि नीट वाचला. देखभाल करणाऱ्याने घरात राहावं असं होतं. रुग्णाने घरात राहावं असं कुठेही नव्हतं. रुग्ण कुठे जाणार, हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं.

"मी असं काही बोललो नाही हं," समन्वय घाबरून म्हणाला.

"बोललास," मावशी म्हणाली. "गुरुवारी व्हॅन पाठव."

डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, केव्हाच बाहेर न्यायला हवं होतं. घड्याळजींना विचारायला मावशी बुधवारीच जाऊन आली. सूनबाई दळण आणायला गेली होती. "आजोबा, उद्या बाहेर जायचं. कुठे जायचं? बागेत?" घड्याळजींनी तोंड वाकडं केलं. "नदीवर? बाजारात?" त्यांनी चांगला हात गादीवर आपटला. जीभ अडकली, "सि... सि...", चेहरा लाल झाला, आणि मग सगळं एकदम बाहेर पडलं. "सिनेमा, गाढव!"

मावशी इतकी हसली की तिला खाटेचा आधार घ्यावा लागला.

गुरुवारी पैलवान आणि लाँड्रीवाला खुर्ची घेऊन वर आले तेव्हा सूनबाई दारातच गोंधळून उभी राहिली. "मावशी, मी नको म्हटलं होतं ना? आणि बाबांना कुठे नेताय?"

"तू बाहेर जायचं नाहीस, असा नियम आहे. मग आम्ही जातो."

"मग मी काय करू?"

"घरात राहा."

"पण घरात कुणीच नसेल."

"हो," मावशी म्हणाली.

सूनबाईने रिकाम्या खाटेकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांत ती खाट रिकामी झाली नव्हती. मावशीने पिशवीत जास्तीचे कपडे, टॉवेल आणि चोचीचा पेला टाकला आणि दार बाहेरून ओढून घेतलं. लोखंडी जिना उतरताना घड्याळजींनी प्रत्येक पायरीला पैलवानाचा उद्धार केला. बारीक हातांनी तो खुर्ची धरून होता, घामाघूम झाला होता, आणि तरी म्हणत होता, "द्या आजोबा, अजून द्या, तेवढाच जोर येतो."

तिकिटं मावशीने पदरच्या पैशाने काढली. हे पुढे कुणाला तरी ओरडून सांगता येईल, असा तिचा हिशेब होता. थिएटरवाल्यांनी बाजूचं दार उघडून दिलं आणि खुर्ची पहिल्या रांगेच्या कडेला लागली. सिनेमा अगदीच बाष्कळ होता. एक लठ्ठ माणूस चुकीच्या लग्नात जेवायला बसतो आणि पुढे सगळे त्याच्या मागे धावत सुटतात. घड्याळजी अर्ध्या तोंडाने हसत होते. हसायला लागले की लाळ गळायची, मावशी पुसायची, ते तिला गाढव म्हणायचे आणि पुन्हा हसायचे.

मध्यंतर झालं, दिवे लागले. दोन रांगा मागे कुणीतरी उभं राहिलं.

मावशीने मान वळवली आणि तिच्या मनात आलं की देव असलाच तर त्याला गंमत करायची खोड आहे. विश्वस्त तिच्याचकडे बघत होते. ते पुढे आले, खुर्चीकडे पाहिलं, घड्याळजींकडे पाहिलं.

"हे काय चाललंय? सून कुठे आहे यांची?"

"घरात," मावशी म्हणाली. "तुमच्या नियमाप्रमाणे उपस्थित."

"नियमाचा अर्थ असा नव्हता."

"मग कसा होता?" मावशीचा आवाज चढला. पॉपकॉर्न घ्यायला निघालेली माणसं थांबली. "सांगा ना. या सगळ्यांना सांगा. सुरक्षितता म्हणे! हे बघा, सुरक्षित आहेत. हसतायत. की हेही खुपतंय? ती हसली तर पैसे वाया गेले, हे हसले तर कशाला गेले? तुम्हाला त्या घरातलं कुणी हसलेलं बघवत नाही, एवढाच अर्थ आहे तुमच्या नियमाचा!"

विश्वस्त दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मावशीला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच वाटत होतं की जिच्या घरी आजारी माणूस आहे तिने हसायचं नसतं, आणि असं वाटणारी माणसं मावशीला घरोघरी भेटत होती. तिला सगळ्यांत जास्त चीड त्याचीच होती.

दिवे मंद झाले. विश्वस्त जागचे हलले नाहीत.

"गाढवा," घड्याळजी खणखणीत आवाजात म्हणाले, "सरक."

सगळ्या थिएटराने ऐकलं. विश्वस्त सरकले. ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले खरे, पण पुढचा सिनेमा त्यांनी पाहिला असेल असं मावशीला वाटलं नाही. तिने पाहिला, आणि मोठमोठ्याने हसत पाहिला.

परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. पैलवानाने व्हॅन जिन्यापासून जरा अंतरावर, लाँड्रीवाल्याची वाट बघत उभी केली. आत घड्याळजी दमून, मान कलती करून बसले होते, चेहऱ्यावर अजून हसू होतं. मावशी म्हणाली, "मी वर जाऊन दार उघडून ठेवते," आणि जिना चढली.

घंटी वाजवायला तिने हात वर केला आणि आतून धाडकन आवाज आला. भांडं फेकल्यासारखा. घरात कुणी शिरलं की काय? मग एक बाई ओरडली.

तो आवाज मावशीने कधी ऐकला नव्हता. तो सूनबाईचा आहे हे कळायला तिला क्षणभर लागलं.

"हो बाबा! हो अहो! हो वन्सं! हो, हो, हो!" आत आणखी एक भांडं आपटलं. "नाही! जमत नाही मला! उन्हात बसवा म्हणे! ये की इथे, आणि बसव! फोनवरून जप म्हणतोस, एक रात्र येऊन जपून दाखव! वीट आलाय मला! सगळ्यांचा वीट आलाय! ऐकतंय का कुणी?"

ऐकणारं घरात कुणी नव्हतं, म्हणूनच तर तिला ओरडता येत होतं. थिएटरात गेली तेव्हा तिला हसता आलं असेल. पण हे कुठे बाहेर जाऊन करण्यासारखं नव्हतं. रस्त्यात नाही, बागेत नाही, बाकावर बसून नाही. त्याला रिकामं घर लागत होतं, आणि तेच तिला कुणी कधी दिलं नव्हतं. मावशीच्या बहिणीलाही नव्हतं मिळालं. एवढी वर्षं त्या घरात बाप होता. भिंतीपलीकडे बाप जागा असताना तिने कुठे ओरडायचं होतं?

मावशीचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. आत सूनबाई आता नणंदेला काय काय सुनावत होती, आणि काही शिव्या अशा होत्या की घड्याळजींनी कान टवकारले असते. मावशीने घंटीवरचा हात खाली घेतला. पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि लोखंडी पायऱ्या वाजू नयेत म्हणून अनवाणी, हळूहळू खाली उतरली.

व्हॅनमध्ये चढून तिने दार लावून घेतलं.

"गाडी काढ, पैलवान. अजून एक चक्कर मार. लांबची मार."

पैलवान वळून बघायला लागला. "का हो मावशी? वहिनी दार उघडत नाहीत? करतायत काय आत?"

"ते विचारायचं नाही," मावशी म्हणाली.